मावशीचं पत्र, काकांचं कुलूप

वीसेक वर्षं तिने बसस्टँडवर गाड्या पुकारल्या. काचेची एक चिंचोळी खोली, समोर मायक्रोफोन, आणि काचेपलीकडे पिशव्या, ट्रंका, रडकी पोरं आणि चुकामूक झालेले नवरे. तिचा आवाज गोड नव्हता, भारदस्तही नव्हता. पण स्वच्छ होता. तिने एकदा सांगितलं की माणसाला दुसऱ्यांदा विचारावं लागत नसे.

मग एके वर्षी वरच्या साहेबांनी तिला बोलावून सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे, "येत आहे", "सुटत आहे", "उशिराने धावत आहे" असं सगळं सुटं सुटं रेकॉर्ड करून घेतलं. तिने हौसेने केलं. घसा बसू नये म्हणून आठवडाभर गार पाण्याला शिवली नाही. रेकॉर्डिंग उत्तम झालं. इतकं उत्तम की त्यानंतर यंत्रच ते तुकडे जोडून बोलायला लागलं आणि बाईंची गरज उरली नाही.

"म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला," ती घरी येऊन म्हणाली.

नवरा सार्वजनिक बागेत माळी होता. बोलायचा कमी, पण बोलला की नेमकं. "धोंडा कसला? तुझा आवाज रोज कामावर जातो आणि तू घरी पाय पसरून बसतेस. हे भाग्य साहेबांनाही नाही."

पण पाय पसरून बसणं तिला मानवेना. तिने आधी स्वयंपाकघराच्या फळ्या लावल्या, मग कपाटं, मग पुन्हा फळ्या. डबे जागा बदलू लागले, कात्री माळ्यावर गेली, नवऱ्याचे मोजे आज या खणात तर उद्या त्या. शेवटी त्याने तिच्या थोरल्या बहिणीला फोन केला.

"ताई, तुमच्या बहिणीला काहीतरी उद्योग बघा हो. माझ्याच घरात मला पत्ता विचारत फिरावं लागतंय."

बहिणीचा मुलगा वेबसाइटी बनवायचा. तो आणि त्याची बायको, अशी दोघांचीच कंपनी. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. खालून दिवसभर मशीनची चाचणी चालायची, तेव्हा वरचं टेबलही बारीक थरथरायचं. आतल्या खोलीत दोघांचे मोठे पडदे पाठीला पाठ लावून ठेवलेले. भाचा साइटचं आतलं काम करायचा, भाचेसून ती कशी दिसावी ते ठरवायची. बाहेरच्या खोलीत एक टेबल, एक किटली आणि सतत वाजणारा फोन. तो उचलायला कोणी नव्हतं.

"मावशी, तू फक्त फोन घे," भाचा म्हणाला. "बाकी काही नाही."

गिऱ्हाइकं सगळी छोटीच. फुलवाली, गाडी शिकवणारे, पियानोच्या बाई, दातांचे डॉक्टर, धोबी. त्यांना साइट हवी होती, पण ती कशावर उभी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मावशीलाही नव्हतं. त्यामुळे दोघांचं छान जमलं.

"माझी साइट गेली!" फुलवाली फोनवर रडकुंडीला यायची.

"कुठे गेली?"

"मला काय माहीत! सकाळपर्यंत होती."

"बरं, घाबरू नका. शेजाऱ्याच्या फोनवर उघडून बघा."

मग खजील आवाज. "दिसतेय. माझंच इंटरनेट बंद पडलंय."

ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणू लागले. भाच्याची ती मावशीच होती, भाचेसुनेने तेच उचललं, आणि मग गिऱ्हाइकांनीही. दातांचे डॉक्टर तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, तेही "मावशी आहेत का?" असं विचारून फोनवर यायचे.

त्या कंपनीकडून महिन्याला एक पत्र जायचं. ईमेलनेच, सगळ्या गिऱ्हाइकांना. साइट नीट कशी ठेवावी याच्या दोन-चार युक्त्या आणि या धंद्यातली काही ताजी बातमी. लिहायचा भाचा. तो कामाला वाघ होता, पण लिहायला बसला की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. एके दिवशी भाचेसुनेने ते पत्र किती जणांनी उघडलं ते बघितलं आणि हसू दाबत बाहेर आली.

"मावशी, आपलं पत्र मनापासून वाचणारा एकच माणूस आहे. तुमच्या भाच्याची आई."

"ती काय वाचणार? तिला वाटतं न उघडलं तर पोराला वाईट वाटेल."

"मग पुढचं तुम्हीच लिहा ना."

"मी? अगं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच म्हणतेय."

मावशीने मनावर घेतलं. आठवडाभर तिने आतल्या खोलीतलं बोलणं कान देऊन ऐकलं, टिपून घेतलं आणि सगळे जड शब्द एकापुढे एक मांडून पत्र तयार केलं. रविवारी नवऱ्याला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. तो मटार सोलत होता. दुसऱ्या परिच्छेदाला सोलण्याचा वेग मंदावला. तिसऱ्याला मान छातीवर आली आणि शेंग हातातच राहिली.

"अहो!"

"ऐकतोय, ऐकतोय." त्याने शेंग सोलली. "पण हे तू कोणाला सांगतेयस?"

"गिऱ्हाइकांना."

"ती काय करत असतात त्या वेळी?"

तिने विचार केला. फुलवालीचे हात ओले असणार. धोब्याच्या एका हातात इस्त्री. गाडी शिकवणारे तर शिकाऊ माणसाच्या शेजारी जीव मुठीत धरून बसलेले.

"घाईत असतात," ती म्हणाली.

"मग तुला घाईतल्या माणसांशी बोलता येत नाही होय? आजवर काय केलंस?"

मटाराचं भांडं बाजूला सारून तिथेच टेबलावर तिने नव्याने लिहायला घेतलं. स्टँडवर तिचा एक नियम होता. आधी गाव, मग फलाट, मग वेळ. ज्याला त्या गावाला जायचं नाही त्याने पुढचं ऐकूच नये, आणि ज्याला जायचंय त्याचे कान टवकारलेले असावेत. तोच नियम तिने पत्राला लावला, आणि पत्रातली पहिली युक्तीही तीच झाली.

"तुमच्या साइटवर येणारा माणूस दोन्ही हातांत सामान घेऊन आलाय असं समजा," तिने लिहिलं. "तुम्ही काय करता, कुठे बसता, कधी उघडं असतं, हे त्याला पहिल्या नजरेत दिसू द्या. तुमच्या आजोबांनी धंदा कसा सुरू केला ते त्याला बसायला जागा मिळाल्यावर सांगा."

पुढच्या महिन्यात फोटोंवर लिहिलं. फुलवालीची साइट उघडायला फार वेळ लागायचा, कारण तिने कॅमेऱ्यातून निघालेले भलेमोठे फोटो जसेच्या तसे चढवले होते. "अरुंद जिन्यातून सोफा वर न्यायचा असेल तर आधी त्याचे पाय काढतात. फोटोही चढवण्याआधी लहान करून घ्या. पडद्यावर दिसायचा तेवढाच दिसतो, जिना मात्र मोकळा राहतो." आणि मग दातांच्या डॉक्टरांना कळेल असं: "फोन नंबर चित्रात लिहू नका, अक्षरांत लिहा. दाढ ठणकत असलेल्या माणसाला नंबर पाठ करायला लावू नये. बोट लावलं की फोन लागला पाहिजे."

पत्रं उघडली जाऊ लागली. काही जण उत्तरंही पाठवू लागले. धोब्याने लिहिलं की त्याने आजोबांना खाली नेऊन ठेवलंय, पण बायको म्हणते फोटो तरी वर राहू द्या, तर काय करू? मावशीने कळवलं, फोटो ठेवा, चरित्र खाली न्या. खाली ती नुसतं "मावशी" अशी सही करायची.

असं बरं चाललं होतं, आणि मग ती कुलपाची बातमी आली.

भाच्याने सांगितली तेव्हा ती साधी वाटली. ज्या साइटींच्या पत्त्यापाशी कुलपाचं छोटं चित्र नाही, त्या उघडताना यापुढे "सुरक्षित नाही" असा इशारा ठळकपणे दिसणार होता. मावशीने लिहून टाकलं: "आपली साइट उघडा, पत्त्यापाशी कुलूप आहे का बघा. कुलूप असेल तर साइट सुरक्षित, निर्धास्त राहा. नसेल तर लोक दारातूनच परत जातील. आपल्यातले काही जण अजून बिनकुलपाचे आहेत, त्यांनी लगेच फोन करा."

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, माणूसच आला. आधी जिन्यावर किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकू आला, मग दारात कुलूपवाले काका उभे राहिले. पिकल्या मिशा, कमरेला जुडगा, आणि चेहरा असा की किटलीऐवजी त्यांच्यावरच पाणी उकळावं. भाच्याने धंदा सुरू केला तेव्हाची त्याची अगदी पहिली साइट यांचीच. त्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता.

"मावशी कोण?"

"मी."

"मी तुमच्यापेक्षा मोठा आहे, पण सही तशी आहे म्हणून मावशीच म्हणतो. मावशी, मला एक सांगा. माझा बाप कुलूपवाला, मी कुलूपवाला. अर्ध्या गावाची दारं माझ्या हाताखालून गेलीत. आणि आज सकाळी समोरचा न्हावी रस्त्यावर उभा राहून मला काय हाक मारतो? 'काय हो बिनकुलपाचे!' सगळी गल्ली हसली. माझी बायकोसुद्धा हसली!"

न्हाव्याची साइटही याच ऑफिसने केली होती. त्याला पत्र गेलं होतं, आणि त्याने फक्त वाचलं नव्हतं, काकांची साइट उघडून बघितलीही होती. कोणाची थट्टा व्हावी असं मावशीच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आतून भाचा धावत आला. "काका, अर्ध्या तासाचं काम आहे. आत्ता लावून देतो. पैसेही पडत नाहीत."

"फुकट?" काकांनी डोळे बारीक केले. "फुकटचं कुलूप? कोणी बनवलं? किल्ली कोणाकडे?"

भाच्याने समजावायला सुरुवात केली आणि तिथेच घोळ झाला. त्याच्या तोंडून जो एकेक शब्द पडू लागला तो ऐकून काकांच्या मिशा थरथरायला लागल्या. शेवटी त्यांनी हात वर केला.

"आतून कसं आहे ते बघितल्याशिवाय मी दुसऱ्याच्या दाराला कुलूप लावत नाही. माझ्या दाराला लावीन होय? राहू दे बिनकुलपाचंच!"

किल्ल्या खुळखुळत जिना उतरून गेल्या.

त्या दिवशी मावशीचं कामात लक्ष लागेना. संध्याकाळी भाचेसून निघायची तयारी करत होती, तिला तिने थांबवलं. "हे कुलूप म्हणजे नक्की काय असतं ग? मी लिहिलं, पण मला कुठे ठाऊक आहे?"

भाचेसून पुन्हा बसली. कागदावर दोन घरं काढली, मधे रस्ता. "गिऱ्हाइकाने इथून काही लिहून पाठवलं की ते या रस्त्याने जातं. कुलूप नसेल तर वाटेत कोणीही वाचू शकतं, उघड्या पोस्टकार्डासारखं. कुलूप असेल तर दोन किल्ल्या असतात. एक सगळ्यांना वाटलेली, तिने फक्त बंद करता येतं. दुसरी मालकाकडेच, तिने उघडतं. त्यापुढे आणखी बरंच असतं, पण मूळ हे."

"बंद करायची वेगळी आणि उघडायची वेगळी? असं कुठे असतं का?"

"गणितात असतं," भाचेसून म्हणाली. तिलाही याहून सोपं सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी थेट कुलूपवाल्याच्या दुकानात गेली. बोळकांडीएवढं दुकान. भिंतभर किल्ल्या टांगलेल्या, टेबलावर किल्ल्या घासायचं यंत्र, खाली पितळेचा पिवळा भुगा. काकांनी बघितलं, पण हातातली कानस थांबवली नाही.

"काका, न्हाव्याला बोलायला मीच निमित्त दिलं. चुकलं माझं."

"हं."

"आणि दुसरं म्हणजे, मलाही ते कुलूप नीट कळलेलं नाही. जेवढं कळलंय तेवढं सांगते. तुम्हाला तरी उलगडतंय का बघा."

आता कानस थांबली. काकांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं. मावशीने कागद उघडून दोन घरं दाखवली, रस्ता दाखवला. पोस्टकार्डाचं सांगितलं. मग दोन किल्ल्यांचं सांगितलं आणि म्हणाली, "इथे माझी गाडी अडते. सगळ्यांनी बंद करायचं आणि एकानेच उघडायचं, असं कुलूप कुठे असतं का?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग वळून त्यांनी फळीवरून एक साधं कुलूप काढलं, उघडी कडी तिच्यासमोर धरली.

"दाबा."

तिने दाबलं. खट्.

"किल्ली लागली?"

"नाही."

"आता उघडा."

तिने ओढून बघितलं. कुलूप ढिम्म हललं नाही. काकांनी खिशातून किल्ली काढून ते उघडलं आणि टेबलावर ठेवलं.

"असली उघडी कुलपं मी गावभर वाटली समजा. ज्याला मला काही पाठवायचं त्याने डब्यात घालावं, कुलूप दाबावं, द्यावं धाडून. वाटेत कोणी उघडू शकत नाही. ज्याने दाबलं तोही नाही! किल्ली इथे, माझ्या खिशात." बोलता बोलता काकांचा चेहरा उजळत गेला. "म्हणजे ही पोरं गणिताचं का होईना, पण दाबायचं कुलूपच वापरतात की! मग तुमचा भाचा ते इतकं अवघड करून का सांगत होता?"

"तो घरीही तसंच बोलतो," मावशी म्हणाली, आणि काका पहिल्यांदा हसले.

"पण थांबा. हे कुलूप माझंच, दुसऱ्या कोणाचं नाही, हे डबा धाडणाऱ्याला कसं कळायचं? उद्या कोणी भामटा स्वतःचं कुलूप माझं म्हणून वाटेल."

हे मावशीला येत नव्हतं. तिने तिथूनच ऑफिसात फोन लावला आणि तो मधोमध ठेवला. पलीकडून भाचेसून म्हणाली, तो पत्ता खरंच तुमच्या ताब्यात आहे का हे एक संस्था तपासते आणि मगच कुलूप देते.

"बरोबर," काका म्हणाले. "मीही दुसरी किल्ली करून देण्याआधी विचारतो, घर तुमचंच ना? आणि काय हो, आतला मालक चांगला की लबाड, तेही तपासतात का?"

"नाही काका. पत्ता त्याचाच आहे, एवढंच."

काकांनी मावशीकडे वळून बोट रोखलं. "मग तुम्ही 'कुलूप असेल तर निर्धास्त राहा' असं कसं लिहिलंत? मी जन्मभर कुलपं विकली. साधूंना विकली, चोरांनाही विकली असतील. दाराला कुलूप आहे म्हणजे आत सज्जन राहतो, असं थोडंच आहे? उद्या एखादी म्हातारी कुलूप बघून भामट्याला सगळं लिहून देईल, तुमच्या पत्राच्या भरवशावर."

ते खरंच होतं. तिने एवढ्या घाईत ती ओळ लिहिली होती, आणि ऑफिसातल्या दोघांच्याही नजरेतून ती सुटली होती.

"दुरुस्त करते," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाही, आजच करते. पण तुमचं वाक्य घेऊ का?"

"कुठलं?"

"साधू आणि चोराचं."

काकांनी मिशांवरून हात फिरवला. "घ्या. पण खाली लिहा, कुलूपवाल्याने सांगितलं म्हणून. आणि भाच्याला म्हणावं, लाव ते कुलूप."

दुपारी भाच्याने कुलूप लावलं. संध्याकाळी मावशीचं छोटं जादा पत्र गेलं. मागच्या पत्रातली ओळ चुकीची होती, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. मग दाबायच्या कुलपाची गोष्ट लिहिली. मग लिहिलं: "कुलूप एवढंच सांगतं की वाटेत तुमचं कोणी वाचत नाही. आत कोण बसलंय ते सांगत नाही. आमचे कुलूपवाले काका म्हणतात, आम्ही साधूला विकतो आणि चोरालाही विकतो. तेव्हा कुलूप बघा, आणि पाटीवरचं नावही नीट वाचा."

हे पत्र लोकांनी आपल्या आईबापांना, सासूसासऱ्यांना पाठवलं. पियानोच्या बाईंनी ते छापून शिकवणीच्या दारावर लावलं. न्हाव्याने दाढी करता करता ते गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं आणि ज्याला कळलं नाही त्याला समोरच्या दुकानात पिटाळलं. काका आता टेबलावर ते कुलूप तयारच ठेवतात. कोणी विचारलं की कडी पुढे करतात आणि म्हणतात, "दाबा." काकू तक्रार करतात की किल्ल्या कमी विकल्या जातात आणि भाषणं जास्त होतात. पण तक्रार करताना त्या आतून दोन खुर्च्याही आणून ठेवतात.

ऑफिसात एक बदल झाला. मावशीचं पत्र जाण्याआधी आता तिघं मिळून वाचतात, आणि "निर्धास्त", "नक्की", "कधीच" असे शब्द दिसले की भाचेसून त्यांच्याभोवती लाल गोल काढते. भाचा अजून जड बोलतो. पण बोलता बोलता थांबतो आणि विचारतो, "मावशी, हे कसं सांगायचं?" मावशीलाही नेहमी सुचतंच असं नाही. मग ती पिशवी उचलते आणि ज्याच्या धंद्यात ते सापडेल असं वाटतं, त्याच्याकडे जाते. साइट जपून ठेवण्यासाठी तिची दुसरी प्रत का काढावी, हे तिला फुलवालीने बियाण्यांच्या बरण्या दाखवून शिकवलं. मजकुराला मोकळी जागा का लागते, हे नवऱ्याने सांगितलं. रोपं दाटीने लावली की एकही धरत नाही, एवढं बोलून तो पाण्याचा पाइप गुंडाळायला गेला.

थोरली बहीण मात्र सगळ्यांना सांगत सुटली आहे की आमची धाकटी कॉम्प्युटरवाली झाली. मावशी तिला समजावून थकली. "अगं, मी फक्त फोन घेते आणि पत्र लिहिते."

"तेच ग ते," बहीण म्हणते. "मी आता तुझी पत्रं खरंच वाचते. पोराची नुसतीच उघडायचे."

परवा सकाळी पियानोच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या साइटवरून चौकशी पाठवणाऱ्यांचे निरोप त्यांना मिळतच नव्हते, सगळे जाऊन नको त्या टपालाच्या खणात पडत होते. असं का होतं आणि काय करायचं? मावशीला माहीत नव्हतं. "विचारून सांगते, बाई," ती म्हणाली, फोन ठेवला, किटली चालू केली आणि आपली खुर्ची ओढत आतल्या खोलीत नेली.

"सरक रे जरा," ती भाच्याला म्हणाली. "हे टपाल कुठे हरवतं ते मला पहिल्यापासून सांग. हळू सांग. आणि मधे मी हात वर केला की थांबायचं."

भाचा सरकला. खाली कोणीतरी मशीन चालवून बघत होतं. त्याने पेन्सिल घेतली आणि आधी एक घर काढलं.